बाप्तिस्मा आणि आज्ञापालन

बाप्तिस्मा हा ख्रिस्ती जीवनाचा प्रवेशसंस्कार आहे. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तो पाण्याने दिला जातो. कॅथॉलिक मंडळीत तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा, म्हणजे स्नानसंस्कार, देतात. बॅप्टिस्ट मंडळी मात्र स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देते.

पौलाच्या रोमकरांस पत्रानुसार बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे व नव्या जीवनात चालणे. म्हणून संस्कारानंतरचे आज्ञापालन त्यापासून वेगळे काढता येत नाही.

मराठीतले याचे सर्वांत बोलके उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पत्नी लक्ष्मीबाईंशी ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी पुढे स्वतःच्या विचाराने, 1900 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात तो मनःपालट मुळातूनच वाचावा. ख्रिस्ताची आज्ञा पाळायची तर मिशनचा पगारही आड येऊ नये, अशा भूमिकेने टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली. त्यांनी सुरू केलेल्या ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तानुयायांच्या संघात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. 1919 मध्ये त्यांच्या निधनानंतर हा प्रयोग फार टिकला नाही.