आधी शेजाऱ्याचा सूर

मानवतला आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथ्यावरचे भजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि नंतर जागर. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावचा माणूस हा क्रम झोपेतही सांगेल.

काही वर्षांपूर्वीच्या सप्ताहातली गोष्ट. हरिपाठ सुरू होऊन पाच-दहा मिनिटे झाली असतील आणि वीज गेली. मंडपाच्या चार कोपऱ्यांतले चार भोंगे एकदम मुके झाले. माइकपुढे उभे असलेले आमचे तरुण गायक गोंधळून थांबले. पण टाळकऱ्यांच्या रांगेतल्या जुन्या माणसांनी थांबायचे नाव घेतले नाही. त्यांनी तो चरण तसाच उचलला, समोरच्या रांगेने तो झेलला, पखवाज आपल्या जागी होताच. पाहता पाहता मागे बसलेल्या बायकांनी सूर धरला, देवळाच्या ओट्यावर गप्पा मारत बसलेली मंडळीही गाऊ लागली. इतके दिवस ऐकायला येणारी माणसे त्या संध्याकाळी गायला लागली.

अर्ध्या तासाने वीज आली, तोवर हरिपाठ संपत आला होता. घरी परतताना नव्वदीला टेकलेले एक टाळकरी आजोबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लई दिसांनी माझा आवाज मला ऐकू आला बघ. अन् तुझाबी."

त्या वाक्याने मला लहानपणची आठवण झाली. दहा-अकरा वर्षांचा असताना मला पहिल्यांदा टाळ देऊन रांगेत उभे केले, तेव्हा मी उत्साहाने आवाज लावला होता. शेजारच्या काकांनी कोपराने ढोसून सांगितले, "हळू. आधी शेजाऱ्याचा सूर ऐक, मग तुझा लाव." गाण्याचा माझा सगळा अभ्यास तेवढाच. पण एकत्र गाण्याचे शास्त्र बहुधा या एका वाक्यात मावते, असे मला आता वाटते.

दूरदेशीचा एक सप्ताह

युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा चिमुकला देश आहे. लोकसंख्या साधारण तेरा-चौदा लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाखांवर होती, यावरून कल्पना यावी. या देशात तार्तू हे जुने विद्यापीठाचे शहर आहे. तिथले विद्यापीठ १६३२ साली स्थापन झाले. शिवाजीमहाराजांच्या जन्माला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

एकोणिसाव्या शतकात हा मुलूख रशियाच्या झारच्या ताब्यात होता. जमीनदार जर्मन आणि विद्यापीठातील शिक्षणही जर्मन भाषेतून. एस्टोनियन ही शेतात राबणाऱ्या कुळांची बोली, तिच्यात विद्या ती काय असणार, असा शहाण्यांचा समज. ही कुळे १८१९ साली, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडाली त्याच्या पुढच्याच वर्षी, वेठबिगारीतून कायद्याने मोकळी झाली. त्या घटनेला पन्नास वर्षे झाल्याचे निमित्त करून योहान वोल्देमार यान्सेन या वृत्तपत्राच्या संपादकाने आणि त्याच्या गायन मंडळाने १८६९ च्या जून महिन्यात तार्तूला एक गायन महोत्सव भरवला.

गावोगावचे पन्नासच्या आसपास गायकवृंद आणि वाद्यवृंद आले. कलाकार आठशेहून अधिक आणि ऐकायला दहा-पंधरा हजारांचा समुदाय. गाणारे सगळे पुरुष होते. स्त्रियांना त्या व्यासपीठावर अजून जागा नव्हती. गायली गेलेली बहुतेक गाणीही जर्मन वळणाची. एस्टोनियन संगीतकाराने रचलेली अशी दोनच होती आणि त्या दोन्हींचे शब्द लिदिया कोइदुला या कवयित्रीचे होते. ती संपादक यान्सेनचीच मुलगी. व्यासपीठावर जागा नसलेल्या बाईचे शब्द आठशे पुरुषांच्या तोंडी होते!

त्या तीन दिवसांत घडले ते एवढेच, की आपापल्या खेड्यात राहणाऱ्या माणसांना आपली भाषा हजारो कंठांतून एकाच वेळी ऐकू आली. आपण किती आहोत हे त्यांना कानांनी कळले. ही प्रथा पुढे टिकली. सोव्हिएत राजवटीत महोत्सवात सरकारी स्तुतिगीते गावी लागत. त्यातही १९६० च्या महोत्सवात कोइदुलाचे देशावरचे गीत कार्यक्रमपत्रिकेत नसताना लोकांनी उत्स्फूर्तपणे गायले. १९८८ साली राजधानी ताल्लिनच्या गायन मैदानावर प्रचंड जनसमुदाय जमून गात राहिला आणि १९९१ साली देश पुन्हा स्वतंत्र झाला. त्या लढ्याला जग 'गाणारी क्रांती' म्हणून ओळखते. बाल्टिक देशांच्या या गायनोत्सवांना युनेस्कोनेही मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली आहे.

गोदाकाठची पंढरी

हे वाचताना मला राहून राहून पैठण आठवत होते. विद्यापीठ हा शब्द बाजूला ठेवला, तर आपल्या मराठवाड्याचे जुने विद्यानगर दुसरे कोणते? सातवाहनांची ही राजधानी, पुढे दक्षिण काशी. धर्मशास्त्रातला अडलेला निवाडा पैठणच्या पंडितांनी द्यायचा. ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी याच गावी यावे लागले, अशी परंपरेची कथा आहे. जशी तार्तूत जर्मन, तशी पैठणात संस्कृत. मराठी म्हणजे बाजारातली आणि बायाबापड्यांची भाषा.

त्याच पैठणात एकनाथ झाले. पंडिताच्या घराण्यातले, संस्कृत मुखोद्गत. पण त्यांनी भागवताचा एकादश स्कंध मराठीत आणला, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत शके १५०६ म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये सिद्ध केली आणि अभंगांबरोबर रस्त्यावरच्या माणसाला गाता येतील अशी भारुडे रचली. शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी देह ठेवला.

तेव्हापासून नाथषष्ठीला पैठणला दिंड्या चालत येतात. बीड, जालना, परभणी, नगर, कुठून कुठून. कापूस वेचून झालेला असतो, रब्बीची सुगी आटोपत आलेली असते, उन्हाचा चटका नुकता जाणवू लागलेला असतो. षष्ठी ते अष्टमी गोदावरीचे वाळवंट टाळ-मृदंगांनी दुमदुमते आणि काल्याच्या दहीहंडीने उत्सव संपतो. नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. उत्सवाच्या दिवसांत भाविक गोदावरीचे पाणी आणून त्यात ओततात. कोण घागर आणतो, कोण तांब्या. रांजण भरला की कोणाचे पाणी कुठले हे सांगता येत नाही.

दिंडीतले गाणेही तसेच असते. मधोमध वीणेकरी, त्याच्याजवळ पखवाज, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा. एका रांगेने चरण म्हणायचा, समोरच्या रांगेने तो परत द्यायचा. एक रांग श्वास घेते तेव्हा दुसरी गात असते, म्हणून भजन तासन्‌तास चालले तरी घसा बसत नाही. पाश्चात्यांच्या वृंदगानात चार वेगवेगळे आवाज चार वाटांनी एकाच वेळी चालतात आणि त्यांचा मेळ जमतो. आपल्याकडे सगळ्यांनी एकाच वाटेने जायचे असते. वाट एक असल्याने कोणी जरा बाजूला गेला की लगेच कळते. म्हणूनच ते कोपराने ढोसणे!

आणि ही परंपरा केवळ देवळातली नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई आपल्याला जात्यावर दळताना दिसते. पहाटे दोघी जणी जात्याचा खुंटा धरायच्या, एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने ती उचलायची. सासरचे दुःख एकटीने बोलून दाखवायची सोय नव्हती. दोघींनी मिळून गाताना मात्र ते म्हणता येत असे. गिरण्या आल्या, बायकांचे कष्ट वाचले हे उत्तमच झाले. पण ती दोघींची जागा गेली ती गेलीच.

गाण्याची किंमत

एकत्र गाण्याची किंमत मराठवाड्याने मोजलेलीही आहे. निजामाच्या राज्यात आपल्या मुलांचे उच्च शिक्षणाचे गाव म्हणजे हैदराबाद, तिथले उस्मानिया विद्यापीठ. १९३८ च्या अखेरीस तेव्हाच्या औरंगाबादच्या कॉलेजात आणि मग उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थी एकत्र जमून 'वंदे मातरम्' गाऊ लागले. त्यावर बंदी आली. मुलांनी माघार घेतली नाही, तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आले. एका गीतासाठी शेकडो मुलांचे शिक्षण तुटायची वेळ आली होती. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने त्यांना दारे उघडली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक.

विचार करण्यासारखे आहे. हेच गीत एखाद्याने खोलीत एकट्याने गुणगुणले असते, तर फारसे कोणाच्या लक्षात आले नसते. सरकारला भीती वाटली ती एकत्र आवाजाची. कारण एकत्र गाणारी माणसे एकमेकांचे ऐकत असतात.

या ऐकण्याचा परिणाम शरीरावरही होतो. स्वीडनमधील गॉथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली गायकवृंदातील मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले. एकत्र गाताना सगळ्यांचा श्वास एका लयीत येतो आणि त्याबरोबर हृदयाच्या ठोक्यांची चढउतारही जुळू लागते, असे त्यांना आढळले. आपल्या वारकऱ्यांना हे यंत्राने मोजावे लागले नाही एवढेच.

आता आमच्या मंडपातल्या भोंग्यांकडे येतो. ध्वनिवर्धक वाईट आहे असे मी म्हणत नाही. हजार माणसांपुढे कीर्तनकाराला तो हवाच. पण सामुदायिक भजनात एकाच्या तोंडापुढे माइक आला, की बाकीच्यांना आपला आवाज ऐकू येत नाही. तो ऐकू आला नाही की माणूस नकळत आवाज चढवतो, थोड्या वेळाने थकतो आणि मग गप्प बसतो. रांगेतले टाळकरी पुढे नुसते टाळ वाजवू लागतात आणि श्रोते मोबाइलवर चित्रीकरण करू लागतात. गाणारा एक आणि बघणारे शंभर! घरीही तेच. आपल्या मुलांना गाणे म्हणजे स्पर्धा, परीक्षक आणि पहिला नंबर एवढेच ठाऊक झाले आहे. शेजाऱ्याच्या सुरात आपला सूर मिळवण्याला बक्षीस नसते. आणि ज्याला एकट्याने बरे गाता येत नाही, त्याने गायचेच नाही असे ठरून जाते. वास्तविक त्याच्याचसाठी तर रांग असते.

वीज गेली त्या सप्ताहानंतर गल्लीच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला. तरुण मंडळी आधी नाराज झाली. आवाज लांब गेला पाहिजे, शेजारच्या गल्लीचे भोंगे मोठे आहेत, वर्गणीदार काय म्हणतील, अशी त्यांची बाजू होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. तासभर वाद झाला. शेवटी तडजोड अशी निघाली, की कीर्तनाला माइक राहील, हरिपाठाला मात्र तो बंद. तोही आधी एकाच वर्षासाठी.

पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी फजिती झाली. आवाज विस्कळीत, चाल पुढे-मागे, दोन रांगांची तोंडे दोन दिशांना. माइकवाल्या मुलांना तर आपला आवाज इतका लहान आहे हेच ठाऊक नव्हते. चौथ्या दिवशी जरा जमले. सहाव्या दिवशी त्या आजोबांनी माझ्या धाकट्या पुतण्याला आपल्या शेजारी उभे केले. पोराने टाळ हातात येताच जोरात आवाज लावला. आजोबांनी त्याला कोपराने ढोसले.