बाळंतिणीचे केस आणि कात्री

भगिनींनो, बाळंतिणीचा आहार, शेक-शेगडी, बाळाचं दूध या विषयांवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. आज आपण एका लहानशा, पण घरोघरी छळणाऱ्या विषयाकडे वळू. तो म्हणजे बाळंतिणीचे केस.

बाळ तीन-चार महिन्यांचं होतं, ओळखीचं हसू लागतं, आणि नेमक्या त्याच सुमाराला आईच्या कंगव्यात केसांचे पुंजके दिसू लागतात. न्हाणीघराची जाळी तुंबते, उशीवर केस, बाळाच्या दुपट्यावरही केस! आपल्या शिवाजी पेठेसारख्या भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत मग सल्ल्यांना काय तोटा? एक मावशी म्हणते, “तेल बदल गं.” दुसरी म्हणते, “अंगावर पाजतीस न्हवं, त्यानंच जातात.” शेवटी ती पोर वैतागून म्हणते, “आत्याबाई, मी आता केस कापूनच टाकते.” आणि आत्याबाईंच्या कपाळाला आठी पडते. केसांवरून घरात अबोला सुरू होतो.

तेव्हा आधी केस का गळतात ते पाहू, मग कात्रीचा विचार करू.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, नंतर सुमारे तीन महिने विसावा घेतो आणि गळून पडतो. त्याच्या जागी नवा उगवतो. एरवी दररोज ५० ते १०० केस असे जातातच. पण पोटात बाळ असताना शरीरातली काही संप्रेरकं वाढलेली असतात, त्यामुळं केसांचा वाढीचा काळ लांबतो. गळायचे ते केस डोक्यावरच राहतात. म्हणून तर गरोदरपणात वेणी दाट दिसते. बाळंतपण झालं की ती संप्रेरकं झपाट्यानं उतरतात आणि थांबलेले सारे केस एकदम विसाव्याला जातात. तीन महिन्यांनी ते गळू लागतात. म्हणजे ही जुनी उधारीच फिटत असते म्हणा ना! बहुतेकींची गळती बाळ वर्षाचं होईपर्यंत थांबते. दूध पाजण्यानं केस जात नाहीत, म्हणून केसांपायी बाळाचं दूध तोडू नका.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. वर्ष उलटलं तरी गळती थांबत नसेल, किंवा सोबत फार थकवा, धाप, छातीत धडधड, वजनात एकाएकी फरक असं काही असेल, तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. रक्तक्षय किंवा थायरॉइड ग्रंथीचा विकार बाळंतपणानंतर पुष्कळदा ‘बाळंतपणाचा शिणवटा’ म्हणून अंगावर काढला जातो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळलं. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत. अळिवाचे लाडू जरूर खा, पण ते गोळीची जागा घेणार नाहीत.

आता कात्रीकडे येऊ. केस कापल्यानं गळती थांबत नाही, कारण केसाचं मूळ कातडीच्या आत असतं आणि कात्री चालते बाहेरच्या टोकावर. बाळाचं जावळ काढल्यानं त्याचे केस दाट येतात, या समजुतीचंही तसंच आहे. जावळ हौसेनं करावं, दाटपणाच्या आशेनं नव्हे. मग आईनं केस कापायचे कशाला? वेळ वाचावा, गुंता कमी व्हावा, केस लवकर वाळावेत आणि आरशात पाहिल्यावर आपलं आपल्याला बरं वाटावं, यासाठी. ही कारणं काही थोडीथोडकी नाहीत.

वैतागाच्या भरात अगदी आखूड केस मात्र करू नका. आखूड केस नीट दिसायला दर महिना-दीड महिन्यानं पुन्हा कापावे लागतात, आणि बाळ सांभाळून तेवढी सवड कुणाला? बऱ्याच जणींना सोयीची लांबी म्हणजे खांद्याच्या खाली चार बोटं. मोकळे सोडता येतात, एका रबरात बांधताही येतात, आणि तीन महिने पार्लरची पायरी चढावी लागत नाही. केस विरळ झाले असतील तर टोकं सरळ एका रेषेत कापून घ्या, तशानं ते दाट दिसतात. पायऱ्यापायऱ्यांनी फार कातरले की उरलेलेही विरळ वाटतात. केस कुरळे असतील तर दोन बोटं लांबच ठेवायला सांगा, वाळल्यावर ते वर चढतात. चेहरा गोल असेल तर केस हनुवटीच्या खालपर्यंत असावेत. चेहरा लांबट असेल तर कानाजवळ थोडा फुगीरपणा शोभतो. कपाळावर बटा मात्र कापू नका. कपाळाच्या कडेला नवे केस उगवून उभे राहणारच असतात, त्यांत या बटांची भर नको. भांग मधून काढत असाल तर थोडा बाजूला घ्या. कपाळाजवळचा विरळपणा झाकायला याहून स्वस्त उपाय नाही.

अंबाडा किंवा वेणी घट्ट आवळून घालू नका, ओढ बसून कपाळाजवळचे केस आणखी जातात. आणि केस सरळ करण्याची औषधं या दिवसांत टाळलेली बरी. त्यांतल्या काहींना उष्णता लागली की फॉर्माल्डिहाइड नावाचा त्रासदायक वायू निघतो.

केस बांधून ठेवण्याचं आणखी एक महत्त्वाचं कारण आहे. आईचा गळलेला केस कधी कधी बाळाच्या पायाच्या किंवा हाताच्या बोटाभोवती गुंडाळला जातो आणि आवळत जातो. रक्त अडून बोट सुजतं, लाल-निळं पडतं. बाळ कशानंही शांत होत नसेल तर मोजे, लंगोट काढून एकेक बोट पाहा. केस सहज निघाला नाही तर लगेच दवाखाना गाठा.

राहिला प्रश्न आत्याबाईंच्या आठीचा. त्यांचं म्हणणं असतं, सवाष्णीनं केसांना कात्री लावू नये. ही भीती आली कुठून? एके काळी काही समाजांत नवरा गेला की बाईचे केस जबरदस्तीनं काढले जात. त्या केशवपनाची सावली साध्या कात्रीवरही पडली. पण त्या प्रथेविरुद्ध मुंबईच्या न्हाव्यांनीच १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं आवाज उठवला. आणि आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. वाईट होती ती जबरदस्ती. बाईनं स्वतःच्या सोयीसाठी चार बोटं केस कमी केले तर त्यात अशुभ ते काय? आणि एखादीला आपली लांब वेणीच आवडत असेल, तर तिनं ती खुशाल राखावी. तिलाही कुणी ‘काप, काप’ म्हणून टोचू नये.

तेव्हा सासूबाईंनो, आयांनो, सुनेला किंवा लेकीला पार्लरला जायचं असेल तर तास-दीड तास बाळ मांडीवर घ्या. आणि घरातल्या पुरुषांनो, तुम्हीसुद्धा! बाळ काही एवढ्यात रडून आकाश डोक्यावर घेत नाही, आणि घेतलंच तर रंकाळ्यावर एक फेरी मारून आणा.