झोपेच्या गोळीची शेवटची तारीख

लखनौहून अयोध्येच्या रस्त्याला लागलं की शहराच्या पूर्व अंगाला चिनहट येतं. इतिहासात ते ३० जून १८५७ च्या लढाईसाठी नोंदलेलं आहे, बाजारात तिथल्या मातीच्या भांड्यांसाठी. मुंबईत वर्षभर राबून पुष्पक एक्स्प्रेसने लखनौला उतरलेला आणि पूर्वांचलातल्या गावाकडे बसने निघालेला माणूस याच रस्त्याने जातो. अशा प्रवाशाला लुटण्याच्या एका रीतीला त्या मुलखात स्वतंत्र शब्दच आहे : जहरखुरानी. शेजारी बसून ओळख काढायची, चहा नाहीतर बिस्किट पुढे करायचं आणि त्यात कालवलेल्या औषधाने समोरचा गाढ झोपला की त्याची पिशवी घेऊन उतरून जायचं. शब्दात जहर असलं तरी हे औषध पुष्कळदा झोपेची साधी गोळीच असते. बांगलादेशात याच पद्धतीने लुटलेल्या प्रवाशांच्या लघवीची तपासणी झाली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांत लोराझेपाम सापडलं. आपल्याकडे ते ‘एटिवन’ म्हणून ओळखीचं आहे. अनोळखी माणसाकडून काही खाऊ नका, ही रेल्वेची सूचना म्हणूनच रास्त आहे. पण लोराझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन या एकाच कुळातली औषधं आहेत, आणि आपल्याकडे ती कितीतरी घरांत रात्रीच्या दुधासोबत वर्षानुवर्षं घेतली जातात. या गोळीचं सुरू होणं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, बंद होणं मात्र बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं. माझ्या मते तिचा सर्वांत मोठा धोका इथे आहे.

या औषधांना सरसकट वाईट ठरवणं अन्यायाचं होईल. त्यांच्याआधी झोपेसाठी बार्बिट्युरेट्स दिली जात, आणि त्यांचा डोस थोडा जास्त झाला तरी श्वास थांबून माणूस दगावत असे. हॉफमन-ला रोश कंपनीतल्या लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आलं, तेव्हा डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला. आपल्याकडे रॅनबॅक्सीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅलियमचंच औषध ‘काम्पोज’ नावाने आणलं आणि काही वर्षांतच तो शब्द ‘झोपेची गोळी’ या अर्थाने मराठी घरांत रुळला. आजही फिट थांबत नसेल तर शिरेतून लोराझेपाम देतात. दारू एकाएकी सुटल्यावर होणारी थरथर आणि भ्रम आटोक्यात आणायला याच कुळातली औषधं लागतात, आणि फिट येणाऱ्या मुलाच्या घरी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा जवळ ठेवावा लागतो. ही औषधं एकटी घेतली तर जीव जाण्याचा संभव कमी असतो. दारू किंवा अफूच्या जातीची वेदनाशामकं सोबत असली की मात्र श्वास मंदावत जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ही औषधं आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं या जोडीबद्दल आपला सर्वांत कडक इशारा दिला.

शरीरात काय घडतं, ते समजून घेतलं की बाकीचं उलगडतं. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. पेशींची धावपळ शांत करणं हे त्याचं काम. बेन्झोडायझेपिन त्या रसायनाचा जोर वाढवतं, त्यामुळे भीती ओसरते, स्नायू सैल पडतात, झोप लागते, आणि नव्या आठवणी नीट साठत नाहीत. जहरखुरानीत सापडलेल्या प्रवाशाला बिस्किट देणाऱ्याचा चेहरा आठवत नाही तो यामुळे. घरातल्या वृद्धालाही, आत्ताच गोळी घेतली की नाही, हे याच कारणाने आठवेनासं होऊ शकतं, आणि मग दुसरी घेतली जाते. काही आठवड्यांत मेंदू या मदतीला सरावतो आणि स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. अशा वेळी गोळी एकदम थांबवली की झोप पहिल्यापेक्षा वाईट उडते, छातीत धडधडतं, हात कापतात, घाम फुटतो, काहींना फिटही येते. फसगत इथेच होते. रुग्णाला आणि घरच्यांना वाटतं की जुना आजार उलटला, म्हणजे गोळी किती गरजेची आहे बघा! वास्तविक ती अस्वस्थता पुष्कळदा गोळीनेच निर्माण केलेली असते, आणि तिच्यावर उतारा म्हणून पुन्हा तीच घेतली जाते. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने १९८८ मध्येच ही औषधं दोन ते चार आठवड्यांपुरती द्यावीत असं सांगितलं होतं, ते या चक्रामुळे.

हे अवलंबित्व व्यसनी स्वभावाच्या माणसांनाच जडतं, असा एक समज आहे. नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, तेलंगणात २०१५ मध्ये जे घडलं त्याने तो खोटा ठरवला. तिथे ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि क्लोरल हायड्रेट मिसळत असत. सरकारने भेसळ बंद पाडली, आणि निझामाबाद, महबूबनगर भागातले शेकडो लोक फिट, भ्रम, विचित्र वागणं अशा लक्षणांनी रुग्णालयात दाखल झाले. यातल्या कितीतरी मजुरांना आपण गोळ्या घेतोय हे ठाऊकही नव्हतं. दिवसभर राबून संध्याकाळी ताडी पिणारी ती साधी माणसं होती.

हे चोरट्यांचं आणि नशाबाजांचं प्रकरण आहे, पोलिसांनी पाहावं, असं कोणी म्हणेल. मालेगावात अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, छत्रपती संभाजीनगरात नायट्राझेपामला ‘बटन’. छापे पडतात, साठे पकडले जातात, आणि ते पडायलाच हवेत. एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख लोक वैद्यकीय गरजेबाहेर शामक औषधं घेतात असं आढळलं. संख्येने सर्वाधिक असलेल्या पहिल्या पाच राज्यांत उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत. पण या आकड्यात डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवर बारा वर्षं गोळी घेणारे आजोबा धरलेले नाहीत. कायदा आहेच : १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच-१’प्रमाणे दुकानदाराने डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. गोळी कोणाला गेली हे त्या वहीतून कळतं, कधीपर्यंत जाणार ते कळत नाही.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. निद्रानाशाने माणूस पोखरला जातो. सत्तरीच्या आईला शांत झोप मिळते आहे, तर ती कशाला हिरावून घ्यायची? या प्रश्नामागची माया खरी आहे. पण त्याच आईला रात्री उठताना तोल जाण्याचा धोका असतो. अशी औषधं घेणाऱ्यांत खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण सुमारे दीडपट आढळलं आहे, आणि त्या वयात खुबा मोडणं म्हणजे अनेकदा अंथरुणाला खिळणं. ही गोळी स्मृतिभ्रंशाला कारण होते का, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. क्युबेकमधल्या २०१४ च्या अभ्यासाने संबंध दाखवला, तर अमेरिकेतल्या २०१६ च्या अभ्यासाने ती कारण असल्याचं मानलं नाही. म्हणून त्या भीतीने मी कोणाला घाबरवणार नाही. पडण्याचा धोका मात्र वादातीत आहे. शिवाय जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नसून झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारा मानसोपचार, असं अमेरिकेच्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं. चिनहटमध्ये काय किंवा चाळीसगावात काय, तो उपचार देणारं माणूस सहजी सापडत नाही, ही अडचण खरी आहे. पण ती यंत्रणेची अडचण आहे. तिच्यापायी गोळी निर्धोक होत नाही.

मग उद्यापासून बंद? मुळीच नाही, हे वाचून कोणी डबी फेकून दिली तर लेखाने अपायच केला असं होईल. न्यूकॅसलमध्ये १९८२ ते १९९४ या काळात ही गोळी सोडवण्याचं क्लिनिक चालवणाऱ्या प्रा. हेदर अ‍ॅश्टन यांचा सारा भर हळूहळू उतरण्यावर होता. २०२५ च्या अमेरिकी मार्गदर्शनानुसार सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी डोस ५ ते १० टक्के कमी करावा, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणजे याला महिने लागतात, कधी वर्षही. मदतीसाठी व्यसनमुक्तीची १४४४६ आणि टेली-मानसची १४४१६ या राष्ट्रीय हेल्पलाइन आहेत.

आणि पुष्कळांना साधी माहितीही पुरते. क्युबेकमध्येच ६५ वर्षांपुढच्या ३०३ लोकांवर एक प्रयोग झाला, २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यांतल्या काहींना एक पुस्तिका मिळाली. गोळीचे धोके आणि ती टप्प्याटप्प्याने कशी कमी करायची, एवढंच तिच्यात होतं. सहा महिन्यांत त्यांच्यापैकी २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. आपल्या पाकिटावर लाल चौकटीतली सूचना असते, पण ती बहुधा बारीक इंग्रजीत. तीच गोष्ट मेडिकलवाल्याने मालेगावात मराठी-उर्दूत आणि चिनहटमध्ये हिंदीत छापून गोळीसोबत हातात द्यावी, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळीच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहावी : इतके दिवस, त्यानंतर मला दाखवल्याशिवाय नाही.