औषधांची पिशवी डॉक्टरांना दाखवू या
आपल्या आजारपणात इस्पितळाचे डॉक्टर, कुपत खोलीमचे डॉक्टर, नर्स आणि फार्मसीवाले असे अनेकजण आपल्याला सांभाळतात. एकाने काय दिले ते दुसऱ्याला कळले नाही, तर घोटाळा होतो. मुंबईहून आणलेली क्रोसिन, येथली अकामोल आणि डेक्सामोल, नावे तीन, औषध एकच: पॅरासिटामोल. तिन्ही चालू ठेवल्या तर मात्रा नकळत वाढते आणि लिव्हरला अपाय होऊ शकतो.

म्हणून इस्पितळातून घरी आलो की घरातल्या सर्व गोळ्या आणि मिख्ताव शिख्रूर एका पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांना दाखवू या. कोणती गोळी बंद, कोणती चालू, हे विचारू या आणि जे समजले ते त्यांनाच पुन्हा सांगू या. चूक असेल तर तिथेच सापडेल. हिब्रू अडत असेल तर मुलाला किंवा नातीला सोबत नेऊ या.