आकडे : नशिबाचे आणि नात्याचे

आकडा हा केवळ हिशेबासाठी असतो, असे गणिताचे पुस्तक सांगते; व्यवहार मात्र तसे मानीत नाही. देणगी शंभराची न देता एकशे एकाची द्यावी, नवसाचा रुपया सव्वा असावा, तिघांनी मिळून शुभकार्यास निघू नये, हे संकेत शिकल्यासवरलेल्या घरांतूनही पाळले जातात. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणणारा समाजच ‘तीन तिघाडा काम बिघाडा’ असेही म्हणतो. संख्येला अर्थ चिकटविण्याची ही हौस माणसाइतकीच जुनी आहे. तेव्हा प्रश्न आकड्याला अर्थ असावा की नसावा हा नाही; तो अर्थ माणसाला कोणीकडे नेतो, हा आहे.

गेल्या तीसेक वर्षांत या हौसेला चिनी फेंगशुईची जोड मिळाली आहे. लाल दोरीत ओवलेली तीन नाणी, तीन पायांचा बेडूक, हसरा बुद्ध या वस्तू आज जिल्ह्याच्या गावच्या बाजारातही मिळतात. त्यांच्याबरोबर आठाचा आकडा लाभाचा आणि चाराचा घाताचा, ही समजूतही आली. या समजुतीचे मूळ बरेचसे उच्चारात आहे. चिनी भाषेत चार आणि मृत्यू यांचे शब्द केवळ स्वराच्या चढउताराने वेगळे होतात. आठाचा उच्चार भरभराट सुचविणाऱ्या शब्दाच्या जवळ जातो, आणि नवाचा ‘चिरकाल’ या अर्थाच्या शब्दाशी जुळतो. म्हणून हाँगकाँगच्या कित्येक इमारतींत चौथा मजला नावापुरताही नसतो. २००३ मध्ये सिचुआन एअरलाइन्स या विमान कंपनीने आठ वेळा आठ असलेला दूरध्वनी क्रमांक २३ लाख युआनहून अधिक किंमत देऊन लिलावात घेतला. बीजिंगच्या ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री आठ वाजता सुरू झाला. चिनी माणसाच्या कानाला या योजनेत काही संगती तरी आहे. ज्यांच्या भाषेत आठ म्हणजे निव्वळ आठच, त्यांनी ती उसनी घ्यावी, हे नवल होय. उच्चार चीनमध्येच राहिला आणि आपल्या हाती आली ती केवळ किंमत!

हे नवल चंद्रपूर-गडचिरोलीकडे अधिकच जाणवते. कारण ज्या बाजारात ही नाणी विकली जातात, त्याच बाजारात आठवड्याला उतरणाऱ्या गोंड आणि माडिया माणसांजवळ आकड्यांचे एक स्वतःचे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आत्राम, मडावी, सिडाम, वेलादी ही आडनावे येथल्या प्रत्येक शाळेच्या हजेरीपटावर आहेत. त्या प्रत्येक आडनावामागे एक संख्या उभी असते, हे हजेरी घेणाऱ्या गुरुजींना ठाऊक असतेच असे नाही. कोणी चारदेवे, कोणी पाचदेवे, कोणी सहादेवे, तर कोणी सातदेवे. ज्या कुळांची देवसंख्या एक, ती सारी कुळे परस्परांची भाऊबंद. सातदेव्या घरचा मुलगा आणि सातदेव्या घरची मुलगी यांची आडनावे वेगळी असली, गावे शंभर कोस दूर असली, तरी ती भाऊ-बहीण ठरतात व त्यांचा विवाह होत नाही. काही भागांत हा नियम आणखी पुढे जातो: सम संख्येच्या कुळाने विषम संख्येच्या कुळाशीच सोयरीक करावी, अशी चाल तेथे आहे.

या आकड्याचा उपयोग लग्नापुरता संपत नाही. परक्या गावी गेलेल्या माणसाची देवसंख्या कळली की त्याचे नाते ठरते. तो भावाच्या जागी की सोयऱ्याच्या जागी, त्याच्याशी थट्टा करावी की आदराने वागावे, हे उमगते. मर्तिकाच्या व देवकार्याच्या विधींत भाऊबंदांनी काय करायचे आणि सोयऱ्यांनी काय करायचे, याची वाटणी ठरलेली असते. एकाच आकड्याची माणसे मिळून हे विधी पुरे करू शकत नाहीत. त्यांना दुसऱ्या आकड्याच्या माणसांची गरज लागतेच. म्हणजे येथे आकडा माणसाला स्वयंपूर्ण करीत नाही. तो त्याला दुसऱ्यावाचून अपुरा ठरवितो.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर लिहिलेल्या, १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार खंडांच्या ग्रंथात या देवसंख्येची नोंद आहे. पुढे क्रिस्टोफ फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने आदिलाबादच्या राजगोंडांवरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात तिचा सविस्तर विचार केला. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याचा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात आदिलाबादकडेच मोडत होता, तेव्हा ही हकीकत परक्यांची नव्हे. त्यांच्या नोंदीप्रमाणे तेथे ‘येरवेन सगा’ म्हणजे सात भावांचा गट, ‘सारवेन’ सहांचा, ‘सीवेन’ पाचांचा आणि ‘नालवेन’ चारांचा. गुहेत कोंडलेल्या आद्य गोंडांना पहांदी कुपार लिंगोने मुक्त केले आणि त्यांचे गट पाडून दिले, अशी त्यामागची पुराणकथा. एका ठिकाणी ही देवांची संख्या मानली जाते, तर दुसऱ्या ठिकाणी भावांची. वरवर पाहता हा विसंवाद आहे. पण त्यातच या व्यवस्थेचे मर्म आहे. जितके देव तितके भाऊ, आणि ज्याचे देव आपल्याइतके तो आपला भाऊ. विवाहसंबंधाच्या गटांना तेथे ‘सोयरा’ म्हणतात. ‘सगेसोयरे’ हा जोडशब्द आपण मराठीत किती सैलपणे वापरतो! गोंडांच्या व्यवहारात त्याच्या दोन अर्धांमध्ये स्पष्ट सीमारेषा आहे, आणि ती आकड्याने आखलेली आहे.

भाषेच्या अंगाने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. नालुंग, सैयुंग, सारुंग, येरुंग हे चार ते सात यांचे गोंडी शब्द. सिरोंच्याकडे तेलुगू ऐकलेल्या वाचकाला नालुगु, ऐदु, आरु, एडु यांच्याशी त्यांचे सख्य तत्काळ जाणवेल. दोन्ही भाषा द्राविड कुळातल्या. परंतु गोंडीच्या कित्येक बोलींत मूळचे संख्याशब्द सातापर्यंत किंवा फार तर दहापर्यंतच टिकले. पुढची मोजदाद शेजारच्या हिंदी, मराठी, तेलुगूतून होते. जिवती-राजुऱ्याच्या डोंगरातील कोलामांच्या भाषेत तर मूळचे शब्द चारापर्यंतच उरले आहेत. बाजार, सावकार आणि सरकार यांचे मोठे आकडे परभाषेतून आले व आपले शब्द ठेवून गेले. नात्याचे आकडे मात्र आपल्याच भाषेत राहिले.

अलीकडे विदर्भाच्या रस्त्यांवर वाहनांच्या काचेवर ७५० हा आकडा दिसतो. अनभिज्ञ माणसाला तो वाहनमालकाचा भाग्यांक वाटतो. वस्तुतः ते गोंडी पुनेमचे, म्हणजे गोंडी धर्ममार्गाचे चिन्ह आहे. पहिल्या सात सगांची प्रत्येकी शंभर आणि पुढील पाच सगांची प्रत्येकी दहा, अशी मिळून साडेसातशे कुळे, असा त्याचा एक अर्थ सांगितला जातो. नागपूरचे भाषाअभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांच्या लेखनाने लिंगोचे तत्त्वज्ञान सुशिक्षित गोंड तरुणांपर्यंत पोहोचविण्यास मोठा हातभार लावला. प्रत्यक्ष गावागावांत बारा सगा आढळत नाहीत, चारच प्रामुख्याने आढळतात, हा आक्षेप अभ्यासकाने जरूर घ्यावा. परंतु ज्या तरुणाने तो आकडा काचेवर लिहिला, त्याने मला लाभ होवो असे लिहिलेले नाही. मी एवढ्यांतला एक आहे, असे लिहिले आहे.

याचा अर्थ या व्यवस्थेत सारे गोमटेच आहे, असा नव्हे. एकाच देवसंख्येच्या दोन तरुण जिवांनी परस्परांना पसंत केले, तर त्यांच्या वाट्याला जातपंचायतीचा दंड आणि दुरावा येऊ शकतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यांच्या विवाहांना रूढीचाच आधार. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग सर्वांना मोकळा आहे, पण कायदा विवाह लावतो, भाऊबंदांच्या पंगतीत बसवीत नाही. मात्र यावरून नाके मुरडण्याचा अधिकार इतरांना नाही. हिंदूंमधील सगोत्र विवाहावरचे बंधन कायद्याने दूर झाले ते १९४६ मध्ये. जुन्या चीनमध्येही एका आडनावाच्या वधूवरांचा विवाह निषिद्धच होता. बंधन कोठे सैल करावे, याचा विचार गोंड समाजातील सुशिक्षितांनीच करावयाचा आहे, आणि तो करताना दोन सज्ञान माणसांची संमती ही कोणत्याही आकड्याहून मोठी मानावी लागेल.

या आकड्यांशी आता सरकारी कचेरीचाही संबंध आला आहे. जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीत ‘आप्तभाव चाचणी’ घेतली जाते. कुळ, दैवते, लग्नाच्या चाली यांबद्दल उमेदवाराला विचारतात, आणि गोंड उमेदवाराच्या बाबतीत या चालींच्या मुळाशी देवसंख्याच असते. वसतिगृहात वाढलेल्या, मराठीतच शिकलेल्या मुलाला ती नीट सांगता आली नाही, तर दोष कोणाचा? ही चाचणी दाव्याची अंतिम कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले, ते योग्यच झाले. ज्या शाळेने बारा वर्षांत त्याच्या घरचा आकडा एकदाही विचारला नाही, त्या शाळेच्या दाखल्यावर शिकलेल्याला कचेरीने तो अचानक विचारावा, यात न्याय कोठला?

उपाय फार मोठा नाही. आश्रमशाळेतील गुरुजींनी पाढे शिकवताना नालुंग, सैयुंग, सारुंग, येरुंग हे शब्द फळ्यावर लिहावेत. सम-विषम शिकवताना मुलांना त्यांच्या गावच्या सोयरिकीची चाल विचारावी. गणित त्यामुळे बाटणार नाही. उलट ते घरचे होईल. फेंगशुईचा आठ ज्याच्या घरी जातो, त्याला तो म्हणतो, तुझे भले होईल. गोंडांचा सात ज्याच्या वाट्याला येतो, त्याला तो सांगतो, हे इतके तुझे भाऊ आहेत, त्यांच्या सुखदुःखाला तुला जावे लागेल. पहिला आकडा विकत मिळतो. दुसरा मिळत नाही, आणि एकदा विसरला तर कोणत्याही लिलावात तो परत घेता येणार नाही.