ठाकूरदेवाचा डोंगर आणि कंपनीची फूटपट्टी

आपली रीत तीच खरी, आपला समाज तोच शहाणा आणि बाकीच्यांना मोजायचे ते आपल्याच फूटपट्टीने, या वृत्तीला समाजशास्त्रात स्वसमूहकेंद्री दृष्टी म्हणतात. शब्द नवा वाटेल, अनुभव नवा नाही. याच फूटपट्टीने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले. आज तीच फूटपट्टी बड्या भांडवलाच्या हाती आहे.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर पाहा. माडियांसाठी ते ठाकूरदेवाचे ठाणे. तेथे दरवर्षी यात्रा भरते. सरकारी कागदावर मात्र तो केवळ लोहखनिजाचा साठा! २००७ साली लॉईड्स मेटल्सला तेथे सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. २०२२ साली खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी झाली ती डोंगराच्या पायथ्याशी नव्हे, शंभराहून अधिक किलोमीटर दूर गडचिरोलीत! ज्याचा डोंगर त्यानेच एवढी वाट तुडवायची, याला सुनावणी म्हणायचे काय?

हा भावनेचा प्रश्न आहे, धंद्याचा नाही, असे म्हणणाऱ्यांनी ओडिशातील नियमगिरी आठवावी. लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या वेदांत कंपनीने बॉक्साइट हाती येण्याआधीच डोंगराखाली कारखाना उभारला. डोंगरिया कोंधांचा देव तिच्या हिशेबात नव्हता. २००७ साली नॉर्वेच्या सरकारी पेन्शन निधीने तिच्यातील गुंतवणूक काढून घेतली. २०१० साली चर्च ऑफ इंग्लंडनेही समभाग विकले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. दुसऱ्याला अडाणी समजणे असे महागात पडते.

आदिवासींना व्यापार कळत नाही, हाही असाच भ्रम. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक मिळाले आणि स्वतःचा बांबू तिने स्वतः विकला. ज्या बांबूवर कागद कारखान्याचा आणि वनखात्याचा हक्क समजला जाई, त्याचा भाव गाव ठरवू लागले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५७ चा करार क्रमांक १०७ आदिवासींना मुख्य प्रवाहात विरघळवू पाहत होता. ती चूक सुधारण्यासाठी १९८९ साली करार क्रमांक १६९ आला. भारताने पहिला मान्य केला, दुसरा अद्याप नाही. तरीही १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा आपल्या हाती आहेत. ते वापरायचे कोणी?

येथे आपणही स्वतःकडे पाहावे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा आजचा गडचिरोली याच जिल्ह्यात होता. आपण शिकलो, वकील झालो, अधिकारी झालो. पण माडिया माणसाला ‘जंगली’ म्हणताना आपली जीभ अडखळते काय? नसेल, तर जी फूटपट्टी आपल्या पाठीवर मोडली तीच आपण उचलली आहे.

सुनावणी गावात व्हावी, माडिया भाषेत व्हावी, कागद आधी वाचून दाखवावेत, ही मागणी आपल्या वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी ग्रामसभेच्या मागे उभे राहून करावी. पुढे नव्हे, मागे. कारण डोंगर त्यांचा आहे आणि निर्णयही त्यांचाच!