६३ मिलिग्रॅमचा हिशेब

घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. चिमूटभर मिठाहून कितीतरी कमी. आपल्याकडच्या प्रतिविषाची १० मिलिलीटरची एक कुपी घोणशीचं जेमतेम ६ मिलिग्रॅम विष निकामी करते. म्हणजे एका माणसाला दहा कुप्या, तीही सुरुवात. आणि देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली. वर्षाला ५८ हजार, दर नऊ मिनिटांना एक.

या औषधाचा कच्चा माल येतो चेन्नईजवळून. महाबलीपुरमच्या वाटेवर वडनेम्मेलीला इरुळा आदिवासींची सहकारी संस्था आहे. कातड्यांसाठी साप पकडणाऱ्या या लोकांचा धंदा कायद्याने बंद झाला, तेव्हा सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली ती उभी राहिली. देशातलं सुमारे ८० टक्के सर्पविष तिथलंच, असं सांगतात. साप मातीच्या मडक्यात तीन-चार आठवडे राहतो, चारेक वेळा विष देतो, पोटाच्या खवल्यावर खूण घेऊन पुन्हा रानात जातो. फुरशाचं एका खेपेला ५ मिलिग्रॅम धरलं, तर एका ग्रॅमला २०० खेपा!

पुढची पाळी घोड्यांची. त्यांना महिनोन्‌महिने वाढत्या मात्रेत विष टोचतात. ४०० किलोच्या घोड्याच्या अंगात तीसेक लीटर रक्त असतं. एका वेळी त्यातलं पाच-सहा लीटर काढतात, प्रतिद्रव्यं असलेला रक्तद्रव ठेवून लाल पेशी त्याला परत देता येतात.

घोड्याचं कौतुक तरी होतं, उंदराचं नाव कुणी घेत नाही. वीस ग्रॅमच्या उंदरांना विष आणि प्रतिविष एकत्र टोचून किती जगतात ते मोजतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं अशी चार विषं, प्रत्येकाला प्रतिविषाच्या पाच मात्रा, मात्रेला पाच उंदीर धरले तरी एका चाचणीला शंभर झाले.

इतकं सगळं करून विष मात्र बहुतांशी चेन्नईभोवतालच्या दोन-तीन जिल्ह्यांतलं. सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, त्यामुळे तिथल्या विषावर बेतलेलं औषध दूरच्या सापावर कमी पडू शकतं. मग कुप्या वाढतात, आणि त्यांच्यामागे घोडे आणि उंदीरही. महाराष्ट्रासकट प्रत्येक मोठ्या प्रदेशात विषसंकलनाची सोय व्हायलाच हवी.